हेस्टरचा तिसरा भाग

एप्रिल उजाडला की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना आता ते ठाऊक आहे. ड्राईव्हवेच्या कडेला साचलेला बर्फाचा ढीग काळपट पडून झिरपत असतो. अंगणात पाय टाकला की बूट चिखलात रुततो. आणि नेमक्या त्याच दिवसांत जूनच्या पियानो परीक्षांची घाई सुरू होते. टोरंटोजवळच्या मिसिसागातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी पियानो शिकवते. मुलं ओले बूट जिन्यात काढून खाली येतात, मोज्यांच्या ओल्या खुणा थेट पियानोपर्यंत उमटवत जातात, आणि त्यांच्या आया फोनवर विचारतात, "फ्लोरीताई, यंदा ऐंशीच्या वर जाईल ना?" मी "बघू या" म्हणते. पूर्वी समजावून सांगायचे. आता नाही सांगत.

इथल्या लोकांना या ऋतूचं कोण कौतुक! रॉबिन पक्षी दिसला की शेजारीण हात हलवून मला खिडकीतून दाखवते. मीही हसते. पण बर्फ वितळायला लागला की मला तो एक वसंत आठवतो. त्या वर्षी मार्चपासून जूनपर्यंत मी दर मंगळवारी चारशे एक हायवेवरून दीड तास गाडी हाणत टोरंटोच्या पलीकडे, सरोवराकाठच्या एका लहानशा गावात जात होते. एका म्हाताऱ्या बाईच्या बोटांत अडकलेलं संगीत सोडवायला. सांगताना हे छान वाटतं. करताना जीव मेटाकुटीला आला होता.

खरं तर मला फक्त एक पियानो हवा होता. माझी तेव्हाची सर्वांत हुशार विद्यार्थिनी इशिता, वय सोळा, पियानोच्या दहाव्या ग्रेडची तयारी करत होती आणि माझा पियानो तिच्या हातांना पुरेनासा झाला होता. आमच्याकडे पियानो सुरात लावायला येणारे गृहस्थ म्हणाले, "त्या गावात एक बाई आहे, नव्वदीची. उन्हाळ्यात वृद्धाश्रमात जाणार आहे. तिच्याकडचा जर्मन पियानो कुणीतरी नुसता घेऊन जावा म्हणते."

गेले. दार उघडलं ते मिस विनिफ्रेडनी. उंच, पण वाकलेल्या. अंगात पुरुषी कार्डिगन, एका कानात श्रवणयंत्र. आयुष्यभर त्या गावातल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही.

"पियानो बघायचा ना? बघ. पण आधी तुला हेस्टरला घेऊन जावं लागेल."

मला वाटलं, मांजर. मी म्हटलं, "मला मांजरांची ॲलर्जी आहे हो."

त्या इतक्या हसल्या की ठसका लागला, मला स्वयंपाकघरातून पाणी आणावं लागलं. "हेस्टर मला आठव्या वर्षापासून पियानो शिकवायची," त्या म्हणाल्या, "आणि मांजरं तिलाही आवडत नसत."

जेवणाच्या टेबलाखाली चार खोकी होती. चारही हेस्टर लॉरिमरच्या हस्ताक्षरातल्या नोटेशनने भरलेली.

हेस्टरबद्दल मला जे कळलं ते त्या मंगळवारांच्या चहाबरोबर तुकड्यातुकड्याने कळलं. ती त्याच गावातली. बापाचं खोगिरांचं आणि घोड्याच्या सामानाचं दुकान. अकराव्या वर्षी ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होती. पाय पेडलपर्यंत पोचेनात म्हणून बुटांना लाकडाच्या खुंट्या बांधायची. विसाव्या शतकाची पहिली वर्षं, गाव केवढंसं. पण कुणाच्या तरी ओळखीने ती जर्मनीत शिकायला गेली, बोटीने, एकटी. तिथल्या शिक्षकाने तिला सांगितलं की तू पुरुषासारखी वाजवतेस. त्याने ते कौतुक म्हणून सांगितलं होतं. विनिफ्रेड म्हणाल्या, म्हातारपणीही हेस्टर ते वाक्य सांगायची तेव्हा चमचा बशीत आदळायची.

पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या जरा आधी ती परत आली. टोरंटोत तिचे कार्यक्रम झाले. एका खोक्यात वर्तमानपत्राचं कात्रण होतं, पिवळं पडून घडीवर फाटलेलं. त्यात तिच्या गाऊनच्या रंगाबद्दल तीन ओळी होत्या आणि वाजवण्याबद्दल एक. तिच्या स्वतःच्या रचनेबद्दल काहीच नव्हतं, आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवली गेली होती. कात्रणाच्या कडेला पेन्सिलने तिने त्या रचनेचं नाव लिहून ठेवलं होतं, बातमीदार विसरला म्हणून आपणच भर घालावी तसं.

मग बापाला अर्धांगवायू झाला. दोन भाऊ होते, ते पश्चिमेला शेती करायला गेलेले. ती गावात परतली ती कायमची. सकाळी बापाचं करायचं, दुपारी मुलांना शिकवायचं, संध्याकाळी गावातल्या सिनेमाघरात मूकपटांना पियानोची साथ द्यायची. पडद्यावर घोडे धावत, आगगाड्या येत, बायका बेशुद्ध पडत, आणि हेस्टर अंधारात बसून त्या सगळ्याला सूर पुरवत असे. पुढे बोलपट आले आणि तेही काम गेलं. पण त्या अंधारात जमवलेल्या सुरांतून तिने एक कॉन्चेर्टो लिहिला. कॉन्चेर्टो म्हणजे एक पियानो आणि त्याच्यासमोर अख्खा ऑर्केस्ट्रा. तीन भाग. मूळ प्रतीवर सही "एच. लॉरिमर". पूर्ण नाव लिहिलं नाही. का लिहिलं नाही, ते मी विचारलं नाही. कळण्यासारखंच होतं.

तो तिने एका मोठ्या शहरातल्या ऑर्केस्ट्राच्या संचालकाकडे पाठवला. संचालकाचं उत्तर आलं, अगदी उत्साहाने लिहिलेलं, मिस्टर लॉरिमर यांना. भेटायला या म्हणून. ती आगगाडीने गेली. त्याने तिला पाहिलं, चहा पाजला, पानं चाळली आणि म्हणाला की यंदाचा मोसम भरलेला आहे. पुढचाही भरलेला निघाला. त्याच्या पुढचाही. ऑर्केस्ट्राचं संपूर्ण हस्तलिखित त्याच्याकडेच राहिलं, तो वारला, आणि हस्तलिखित कुठे गेलं ते कुणालाच सांगता आलं नाही.

"तिने पुन्हा लिहून नाही काढलं?" मी विचारलं.

"काढलं की. पहिले दोन भाग, दुसऱ्या पियानोवर वाजवता येतील असे. म्हणजे ऑर्केस्ट्राच्या जागी दुसरा पियानो. तिसरा लिहायला तिला वेळ नव्हता." विनिफ्रेडनी आपले हात वर केले. सांधे सुजून आल्याच्या तुकड्यांसारखे, बोटं डावीकडे कललेली. "तिसरा तिने मला तोंडी शिकवला. मी बारा वर्षांची होते. तो इथे आहे."

खोक्यांमध्ये तिसऱ्या भागातलं फक्त मुख्य पियानोचं अंग होतं. ऑर्केस्ट्राचं अंग नव्वदी ओलांडलेल्या, संधिवात झालेल्या दोन हातांत होतं. आणि ते हात पियानोवर एक सबंध ओळही वाजवू शकत नव्हते.

त्या दिवशी मी गाडीत बसून बराच वेळ इंजिन सुरूच केलं नाही. राग कुणाचा येत होता ते कळत नव्हतं. मेलेल्या संचालकाचा राग करून काय उपयोग?

आमची कामाची पद्धत ठरायला तीन मंगळवार गेले. विनिफ्रेडना नुसतं विचारलं तर काही आठवत नसे. गुणगुणायला सांगितलं तर त्या भलतंच काहीतरी गुणगुणत. मग योगायोगाने सापडलं. मी पियानोवर हेस्टरचं मुख्य अंग वाजवत होते आणि सहज मागे पाहिलं, तर टेबलाशी बसलेल्या विनिफ्रेडची बोटं टेबलक्लॉथवर हलत होती. डोळे मिटलेले. डावा हात अगदी ठाम, उजवा चाचपडत. मी थांबले की बोटंही थांबत. मी पुढे गेले की पुढे. मग मी मुख्य अंग फोनवर रेकॉर्ड करून आणलं, ते लावायचे आणि त्यांच्या शेजारी बसून, कागदाच्या पट्टीवर काढलेल्या खोट्या पट्ट्यांवर त्यांची बोटं कुठे पडतात ते टिपायचे.

हे ऐकायला जादूसारखं वाटेल. जादूचा भाग पंधरा मिनिटांचा होता. बाकी सगळी कटकट. त्यांचं एक बोट दोन पट्ट्यांच्या मध्ये पडायचं. मी दोन्ही सूर वाजवून दाखवायचे. "यातला कोणता?" "दोन्ही चूक." घरी येऊन नीट लिहून काढायचे, पुढच्या मंगळवारी वाजवून दाखवायचे, तर त्या भुवया चढवून म्हणायच्या,

"हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच सांगितलंत, मागच्या आठवड्यात."

"मी असलं काही सांगणार नाही."

एकदा मी पेन्सिल टेबलावर टाकली आणि मराठीतच बडबडले. त्यांनी श्रवणयंत्र नीट केलं. "काय म्हणालीस?" मी म्हटलं, काही नाही. "हेस्टरही मला असंच जर्मनमधून काहीतरी म्हणायची," त्या म्हणाल्या, आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. पुरणपोळीएवढी मोठी बिस्किटं, दगडासारखी. चहात बुडवल्याशिवाय दात लागत नसत.

दरम्यान माझ्या बेसमेंटमध्ये इशिताने मला कॉन्चेर्टोचा दुसरा भाग, संथ लयीचा, वाजवताना ऐकलं. ती क्लासच्या वेळेआधी आली होती आणि जिन्यातच बसून राहिली. नंतर म्हणाली, "मिस, व्हॉट इज दॅट? मला ते पाहिजे." इशिता मराठी बोलायची ती अशी, अर्धं वाक्य इकडे, अर्धं तिकडे. परीक्षेत एक रचना स्वतःच्या पसंतीची वाजवता येत होती. मी अर्ज भरला, प्रती जोडल्या, हेस्टरबद्दल एक पान लिहिलं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं की ही रचना कुठेही छापलेली नाही, त्यामुळे तिचा दर्जा पडताळता येत नाही, सबब मंजुरी नाही. छापलेली का नाही, हे मी त्या पानात लिहिलं होतं. ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

इशिताची आई मानसी तिला न्यायला आली तेव्हा मी ड्राईव्हवेवर तिला हे सांगितलं. ती नाशिकची, इथे बँकेत नोकरीला. विंटर टायर बदलून घ्यायच्या गडबडीत होती, गाडीचं इंजिन सुरूच.

"फ्लोरीताई, रागावू नका, पण बरंच झालं," ती म्हणाली. "हिचं युनिव्हर्सिटी ॲप्लिकेशनचं वर्ष येतंय. त्या बाईंचं कुणी नावपण ऐकलेलं नाही. मार्क गेले तर?"

"छान वाजवते गं ती."

"मग जे सगळे वाजवतात ते छान वाजवू दे ना."

मागच्या सीटवरून इशिता म्हणाली, "मॉम, दॅट्स नॉट द पॉइंट." मानसीने काच वर केली. तिचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. परदेशात मूल वाढवताना माणूस जिथे पाय पक्का रोवता येईल तिथेच उभं राहतं. पण मला चिखलात ढीगभर बर्फ पुन्हा पडल्यासारखं झालं.

मी पत्रं लिहीत सुटले. एका विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी कळवलं की संगीत त्या काळाला धरून आहे, सुखद आहे. या बाईंचं महत्त्व आधी कुठेतरी प्रस्थापित झालं तर त्यांना नक्कीच बघायला आवडेल. महत्त्व प्रस्थापित कसं व्हायचं, कुणी वाजवल्याशिवाय? आणि वाजवायचं कसं, महत्त्व प्रस्थापित झाल्याशिवाय? गावातल्या छोट्या म्युझियमच्या बाई फार प्रेमळ होत्या. त्यांना हेस्टरची टोपी आणि हातमोजे हवे होते, काचेच्या पेटीत ठेवायला. कागदांना जागा नव्हती.

माझा नवरा सायमन हे सगळं जेवणाच्या टेबलावर ऐकत असे. बिचारा सोशिक आहे. एका शनिवारी बोंबलाच्या कालवणात भात कालवता कालवता म्हणाला, "अगं, तुझी कोण लागते ती? आपली नाही, गोतावळ्यातली नाही. मेलीसुद्धा कधीच. तू आठवड्याचा एक दिवस घालवतेस, पेट्रोल घालवतेस, आणि परत येतेस ती तोंड पाडून."

"तुला नाही कळणार."

"सांग ना मग."

मी उठून ताटं उचलली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गावात लिलॅक फुलला होता. विनिफ्रेडच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभळे झुबके, गाडीत बसूनही वास यायचा. तो मंगळवार मला फार नीट आठवतो. मी लिंबाचा केक करून नेला होता. दार त्यांच्या पुतण्याने उघडलं. पन्नाशीचा, थकलेला माणूस, हातात चिकटपट्टीचा रोल. वृद्धाश्रमात खोली लवकर रिकामी झाली, नाही म्हटलं असतं तर वर्षभर मिळाली नसती, म्हणून शनिवारीच आत्याला नेलं, असं तो म्हणाला. त्यांच्या वहीत माझा नंबर होता, पण वही कुठल्या तरी खोक्यात गेली.

बैठकीत पियानो नव्हता. कार्पेटवर चार खोल खळगे होते, चार पायांचे, आणि त्यांच्या मधोमध कार्पेटचा मूळ रंग, गर्द हिरवा.

पियानोचं सांगायचं राहिलंच. एप्रिलमध्येच सामान हलवणारी माणसं माझ्या घरी येऊन बेसमेंटचा जिना मोजून गेली होती. जिन्याला मध्ये वळण आहे. चार इंच कमी पडत होते. "मॅम, भिंत तोडलीत तर जाईल," म्हणाले. वरच्या मजल्यावर ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं होतं, बघते, कुणीतरी शोधते. शोधतही होते. शाळा, चर्च, ओळखीचे, फेसबुकवरचे अनोळखी. कुणाला नको होता. सगळ्यांना हलका, इलेक्ट्रिक, हेडफोन लागणारा पाहिजे.

"कुणालाच नको होता, मॅम," पुतण्याही तेच म्हणाला. "मीपण आठ ठिकाणी फोन केले. शेवटी जंकवाल्यांना बोलावलं. त्यांनी तो इथेच..." त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "बाहेर निघेना म्हणून त्यांना तो इथेच फोडावा लागला."

मी त्याच्यावर ओरडायला हवं होतं, किंवा रडायला. मी केक त्याच्या हातात दिला. काय करणार? त्याने गॅरेजमधून हेस्टरची चारही खोकी काढून दिली. ती त्याने माझ्यासाठी वेगळी ठेवली होती, वर माझं नाव मार्करने, स्पेलिंग चुकवून. चांगला माणूस होता. त्या संपूर्ण प्रकरणात वाईट असं कुणी मला भेटलंच नाही, आणि रागाला धरायला जागा न उरणं फार जड जातं.

तोपर्यंत तिसरा भाग जवळजवळ पुरा झाला होता. अडलं होतं ते एकाच ठिकाणी. शेवटाकडे येता येता हेस्टरने मुख्य पियानोला सोळा बार, म्हणजे तालाची सोळा आवर्तनं, गप्प बसवलं आहे. तिथे फक्त ऑर्केस्ट्रा. म्हणजे माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे शांतता होती, आणि त्या शांततेत विनिफ्रेडच्या बोटांना हलायला काही कारणच नव्हतं. दर वेळी तिथे आलं की त्यांचा हात टेबलक्लॉथवर नुसता पडून राहायचा. "इथे ऑर्केस्ट्रा फार सुंदर होता," त्या म्हणायच्या. "काय होता ते सांगा ना." "फार सुंदर होता." मी आधीचे बार दहादा लावले. शांततेत टाळ्यांनी ताल दिला. सोळा बार, पुन्हा सोळा बार. काही नाही. जगात एका माणसाला ठाऊक असलेली ती जागा त्या माणसाच्याही हातून गेली होती.

पुढे काय झालं त्याचं, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं थोडं आहे. मी सगळं कॉम्प्युटरवर स्वच्छ लिहून काढलं. दर एप्रिलमध्ये ते दोनचार ऑर्केस्ट्रांना पाठवते. एकदा आपोआप जाणारं उत्तर आलं, आपलं पत्र मिळालं म्हणून. इशिताने परीक्षेत जे सगळे वाजवतात ते वाजवलं, उत्तम मार्क मिळवले, आता इंजिनिअर होऊन कनाटा नावाच्या गावात नोकरी करते. कधीतरी मेसेज पाठवते, "मिस, एनी न्यूज ऑन हेस्टर?" मी लिहिते, नो न्यूज. विनिफ्रेड त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत गेल्या. गावातल्या चर्चमध्ये मी ऑर्गन वाजवला. पुतण्याने सांगितलेली तीन स्तोत्रं वाजवली, हेस्टरचं काही वाजवलं नाही. धीर झाला नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो.

पण जूनमधली ती एक दुपार राहिली सांगायची.

परीक्षेला पाच दिवस होते. इशिताने आईला काय सांगून पटवलं मला माहीत नाही, पण मानसीच तिला गाडीतून घेऊन आली, बँकेतून अर्धा दिवस रजा टाकून, आणि वृद्धाश्रमाच्या जेवणाच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिली. हॉलमध्ये सूपचा वास होता. एक उभा पियानो होता, दोन पट्ट्या अडकणारा. त्यावर इशिता बसली. मी घरून इलेक्ट्रिक कीबोर्ड आणला होता, त्यावर ऑर्केस्ट्रा होऊन मी. ऐकायला व्हीलचेअरवरचे पाचसहा जण, नॅपकिनांच्या घड्या घालणारी एक फिलिपिनो कर्मचारी, आणि सर्वांत पुढे, कार्डिगन चढवून, विनिफ्रेड.

पहिला भाग बरा गेला. दुसऱ्यात इशिताने असं काही वाजवलं की घड्या घालणारीचे हात थांबले. मग तिसरा. तो मूकपटांतून आलेला आहे, त्यात दौड आहे, धावाधाव आहे. विनिफ्रेडची बोटं खुर्चीच्या हातावर चालू होती. मग ते सोळा बार आले. इशिता थांबली, मी एकटी.

तिथे मी काय करायचं ते आदल्या आठवड्यात, कुणाला न सांगता, ठरवून लिहून टाकलं होतं. ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून, एका पावतीच्या मागे पहिला सूर लिहिला आणि मग थांबता आलं नाही. ते मी आता वाजवलं.

विनिफ्रेडनी हात वर केला. "थांब."

आम्ही थांबलो.

"हे हेस्टरचं नाही."

"नाही," मी म्हटलं. "तिचं मिळालंच नाही. हे मी लिहिलंय."

"मग कागदावर तसं लिहिलंयस? नसेल तर का नाही?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं, पण ते मी उभ्या आयुष्यात कुणाला दिलेलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची असताना वसईला आमच्या धर्मग्रामासाठी, म्हणजे पॅरिशसाठी, उपवासकाळातल्या एका गीताला चाल लावली होती. चर्चच्या पेटीवर, सिस्टर बाहेर गेल्या असताना, तीन दुपारी बसून. ती अख्ख्या चर्चने उचलली. आजूबाजूच्या चार चर्चमध्ये गेली. वर्षभराने गीतांची पुस्तिका छापून आली, तिच्यात शब्द कुणाचे ते होतं आणि पुढे छापलं होतं, चाल : पारंपरिक. मी पुस्तिका घेऊन फादरांकडे गेले होते. ते म्हणाले, "अगं बाळ, लोकांना आपली वाटली म्हणूनच पारंपरिक म्हटलं ना? यापेक्षा मोठा मान कोणता?" मी मान डोलावली आणि घरी आले. त्यानंतर मी काही रचलं नाही. लग्न झालं, इथे आले, दुसऱ्यांचं वाजवलं, दुसऱ्यांचं शिकवलं. टोरंटोजवळ आमची वसईची मंडळी अजून त्या चालीवर गातात. मी त्यांच्यात उभी राहून गाते. सायमनलासुद्धा ठाऊक नाही.

हे मी विनिफ्रेडना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "त्यात काय लिहायचं? सोळाच तर बार आहेत."

"मी चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, त्या खरोखर रागावल्या होत्या. "आपलं काय आणि दुसऱ्याचं काय हे कागदावर दिसलं पाहिजे. हेस्टरच्या नावावर तू तुझं खपवणार? आणि तुझं कुठे जाणार मग? त्या मुलीकडे पेन्सिल आहे का बघ."

इशिताने कानामागची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. सोळा बारांवर एक लांब कंस ओढला आणि त्याच्यावर लिहिलं, फ्लोरेन्स. एवढंच लिहून थांबले. मग पुढे माहेरचं आडनाव लिहिलं, तुस्कानो, आणि त्याच्यापुढे सासरचं, लोपीस.

"दाखव."

मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"अक्षर वाईट आहे," त्या म्हणाल्या. "पण वाचता येतंय." मग कागद परत देऊन इशिताकडे वळल्या. "आता तिसरा भाग पहिल्यापासून. आणि तू डाव्या हाताने घाई करतेस, घोडे अजून लांब आहेत."

मानसी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. तिने शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली, पर्स मांडीवर घेतली आणि बसली. आम्ही पहिल्यापासून सुरू केलं.